गावच्या कुस्त्यांच्या दंगलीचा इतिहास लिहायचा तर

एकतीस वर्षं मी तालुक्याच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. यात्रांचे दिवस आले की कुठल्या ना कुठल्या गावचे पंच 'कुस्त्यांची विराट दंगल' छापून घ्यायला यायचे. पातळ गुलाबी नाहीतर पिवळा कागद, वर मारुती, खाली इनामं. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, आमचे पहेलवान या यात्रेतून त्या यात्रेत फिरत. ती फिरती लिहून ठेवायची तर सुरुवात हँडबिलापासून करा.

अडचण एकच, हँडबिलावर साल नसतं. आठ दिवसांत फाटून जाणाऱ्या कागदावर साल कशाला, असं पंच म्हणायचे आणि मीही ते लावलं नाही. आज त्याची फार हळहळ वाटते. पण तिथी आणि वार असतो, त्यावरून साल काढता येतं.

आधी पत्ता वाचा. 'पूर्व खानदेश' (आजचा जळगाव जिल्हा) लिहिलं असेल तर कागद बहुधा १९६० च्या आधीचा. नंदुरबारकडच्या गावापुढे 'जि. धुळे' असेल तर १ जुलै १९९८ च्या आधीचा, कारण त्या दिवशी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. इनाम आण्यांत असेल तर १९५७ च्या मागे-पुढे बघा. नवे पैसे आले तरी लोकांच्या तोंडी आणे बरेच दिवस होते. अशी दहा-पंधरा वर्षं हाताशी आली की जुनी पंचांगं काढायची. चैत्र वद्य अष्टमी काही दरवर्षी मंगळवारी येत नाही, तेवढ्या वर्षांत दोन-तीनच सालं उरतात. शक दिलेला असेल तर ७८ मिळवा, शके १८९० चा चैत्र म्हणजे १९६८. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतची तिथी असेल तर मात्र ७९. अधिक महिन्याचं साल असेल तर दोनदा तपासा.

हँडबिलात ठरवलेलं असतं, झालेलं नसतं. झालेलं कळतं ते यात्रेच्या पंचांच्या वहीतून. नारळावरच्या पोरांच्या कुस्तीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत कोणाला किती दिले, ते तिथे असतं. बरोबरीत सुटली तर इनाम दोघांत वाटलं जायचं, म्हणून दोन्ही नावं सापडतात. एका गावच्या वीस वर्षांच्या वह्या मी पोचायच्या दोन दिवस आधी रद्दीत गेल्या. तेव्हापासून माझा नेम आहे: ज्या पंचाचं जुनं घर पाडायला निघालंय, त्याच्याकडे सगळ्यात आधी जायचं. कागद मिळाला की घरी न्यायला मागू नका. तिथेच ओट्यावर, दिवसाच्या उजेडात फोटो काढा आणि मागची बाजूही काढा. हिशेब पुष्कळदा मागेच केलेला असतो.

मग माणसं. मोडलेल्या कानाचा म्हातारा, म्हणजे जुना पहेलवान, पारावर बसलेला दिसला की त्याला साल विचारू नका. "तवय तुमनं लगीन व्हयेल व्हतं का?" असं विचारा. बहात्तरचा दुष्काळ आधी की ती कुस्ती आधी, ते विचारा. अहिराणीतच बोला, वही उघडून शुद्ध मराठीत प्रश्न टाकले की समोरचा नुसता हो-नाही करतो.

आणि हरलेल्याकडे जा. हे मी सगळ्यात जास्त कळकळीनं सांगतो. जिंकलेल्याचा फोटो त्याच्या बैठकीत फेट्यासकट टांगलेला असतो, त्याला विसरायची भीती नाही. गिरणाकाठच्या एका आप्पांकडे मी तीन चकरा मारल्या. तिसऱ्यांदा ते उठले, माझं मनगट धरलं, ढाक हा डाव कसा बसला ते पाय टाकून दाखवलं आणि म्हणाले, "मी पडनू, पन मनी पाठ मातीले लागनी नही." पुढच्या आठवड्यात समोरच्या पहेलवानाला विचारलं. त्यानंही ढाकच सांगितली, पाठ मात्र लागली म्हणाला. दोन्ही लिहिलं. निकाल देणं आपलं काम नाही.

चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरीचा मान मिळवला. त्यांचं नाव सगळीकडे नोंदलेलं आहे. गावोगावच्या मातीत जे लढले त्यांची नावं आपणच लिहायची. धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ जुने कागद सांभाळतंय, म्हणजे कागद जपणं आपल्या मुलखाला नवीन नाही. दंगलीचा कागद तेवढ्या मोलाचा कोणी मानला नाही, इतकंच.

लिहिताना प्रत्येक कुस्तीला एक ओळ द्या: गाव, तिथी, साल, दोघांची नावं, दोघांचे वस्ताद, डाव, इनाम, आणि हे कोणी सांगितलं. साल अंदाजे असेल तर 'अंदाजे' लिहा. वही झाली की एक झेरॉक्स आपल्या गावच्या वाचनालयात ठेवा आणि दुसरी समोरच्या पहेलवानाच्या गावी नेऊन द्या. तिथले लोक चुका काढतील. त्या लाल शाईनं समासात लिहून घ्या, मूळ ओळ खोडू नका.