खाऱ्या पाण्याच्या टाकीतील नायट्रेट शेवाळाने कसे उतरवले
फोंड्यातील आमच्या घरी २०० लिटरची खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी आहे. दर आठवड्याला पाणी बदलूनही तिच्यातील नायट्रेट (विष्ठा व उरलेल्या खाद्यातून साठणारे, शेवाळाला पोसणारे द्रव्य) लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या खाली येत नव्हते आणि खडकांवर शेवाळ माजत होते. तेव्हा लक्षात आले, की शेवाळ वाढणारच असेल, तर त्याला टाकीबाहेर स्वतंत्र जागा द्यावी, म्हणजे नायट्रेट व फॉस्फेट ते तिथेच शोषून घेईल. ही पद्धत अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी विकसित केली.

प्लॅस्टिकची २० सेंटिमीटर रुंद जाळी मुख्य टाकीचे पाणी जिच्यातून फिरते त्या खालच्या छोट्या टाकीवर उभी टांगली, तिच्यावरून ताशी सुमारे १,००० लिटर पाणी पातळ पडद्यासारखे सोडले आणि दोन्ही बाजूंना लाल एलईडी दिवे लावले. दिवे मी रात्री चालवतो, कारण मुख्य टाकी अंधारात असताना हे शेवाळ कार्बन डायऑक्साइड वापरते आणि पीएच (पाण्याच्या आम्लतेचे माप; तो घसरला की पाणी आम्लतेकडे झुकते) फारसा घसरत नाही.

पहिला प्रयत्न फसला. जाळी गुळगुळीत असल्याने शेवाळ धरण्याआधीच सुटून जाई. करवतीच्या पात्याने ती दोन्ही अंगांनी खरखरीत केल्यावर आधी तपकिरी थर आला आणि चौथ्या आठवड्यात हिरवे, केसाळ शेवाळ घट्ट रुजले. आता दर रविवारी जाळी बाहेर काढून खरवडतो व गोड्या पाण्याने धुतो. हे टाळल्यास मुळाशी प्रकाश न पोहोचून शेवाळ कुजते आणि शोषलेले सारे पाण्यात परत सोडते. खरवडलेले शेवाळ माडाच्या आळ्यात जाते. तीन महिन्यांत नायट्रेट १० वर आले. पावसाळ्यात वीज गेल्यास जाळी सुकू नये, म्हणून पंप इन्व्हर्टरवर घेतला आहे.