व्यावसायिक टेनिसची कारकीर्द: पहिल्या गुणापासून निवृत्तीनंतरच्या कामापर्यंत

व्यावसायिक टेनिस खेळणाऱ्या बहुतेकांची स्पर्धात्मक कारकीर्द पस्तिशीच्या आत संपते, आणि पुष्कळांची त्याच्याही बरीच आधी. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांना सर्किटमध्ये, म्हणजे वर्षभर देशोदेशी चालणाऱ्या स्पर्धांच्या साखळीत, शिरावे कसे हे सांगणारे अनेक जण भेटतात, परंतु त्यातून बाहेर कसे पडावे याविषयी सहसा कोणी बोलत नाही. स्पर्धांतून निवृत्त झाल्यावर मी प्रशिक्षणाच्या कामात स्थिरावले आहे, आणि या टप्प्यावरून मागे पाहताना मला असे ठामपणे वाटते की हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. अठराव्या वर्षी घेतलेले निर्णय पस्तिसाव्या वर्षी आपल्यापुढे कोणते पर्याय उरतील हे ठरवत असतात, म्हणून निवृत्तीनंतरच्या आयुष्याचा विचार खेळ भरात असतानाच करायला हवा.

आधी उतरंड समजून घ्यावी. कनिष्ठ गटात आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या, स्पर्धा ‘जे ३०’पासून ‘जे ५००’पर्यंत असतात. व्यावसायिक पातळीची पहिली पायरी पुरुषांसाठी ‘एम १५’ आणि ‘एम २५’ ही आहे, तर महिलांसाठी ‘डब्ल्यू १५’पासून ‘डब्ल्यू १००’पर्यंतच्या स्पर्धा आहेत. त्यांच्या वर पुरुषांच्या चॅलेंजर आणि महिलांच्या ‘डब्ल्यूटीए १२५’ स्पर्धा (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना एटीपी, तर महिलांची डब्ल्यूटीए), त्यानंतर २५०, ५०० व १००० या दर्जांच्या मुख्य टूरच्या स्पर्धा आणि सर्वांत वर चार ग्रँड स्लॅम. साधारणपणे स्पर्धेच्या नावातला आकडा हाच एकेरीच्या विजेत्याला मिळणाऱ्या गुणांचा आकडा असतो. ‘एम १५’ जिंकणाऱ्याला १५ गुण मिळतात आणि ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्याला २०००. ‘एम १५’च्या मुख्य ड्रॉमधील, म्हणजे मुख्य लढतींच्या मांडणीतील, पहिली फेरी जिंकली तर पदरात पडतो तो १ गुण. पुरुषांच्या क्रमवारीत नाव येण्यासाठी हाच १ गुण मिळवायला कित्येकांना वर्ष दोन वर्षे लागतात, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही.

मिळवलेला गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतो, ही क्रमवारीची खरी मेख आहे. मागच्या वर्षी याच आठवड्यात अंतिम फेरी गाठली असेल, तर या वर्षी त्याच सुमारास तितकेच गुण पुन्हा कमावल्याशिवाय आपण जागच्या जागीही राहत नाही. एटीपीची संगणकीय क्रमवारी १९७३ साली आणि डब्ल्यूटीएची १९७५ साली सुरू झाली. तपशिलाचे नियम तेव्हापासून अनेकदा बदलले असले, तरी विसाव्याचा आठवडाही गुणांच्या हिशेबात धरावा लागतो हे प्रत्येक खेळाडूच्या अंगवळणी पडलेले आहे. नवोदिताने म्हणूनच स्पर्धांचे वेळापत्रक आठवड्या-आठवड्याने न आखता किमान एका हंगामाचे आखावे, आणि कोणते गुण कधी गळणार याची नोंद स्वतः ठेवावी.

पैशाची बाजू मात्र सविस्तर सांगितली पाहिजे, कारण गुणी मुले खेळ सोडतात ती बहुधा इथेच. ‘एम १५’ किंवा ‘डब्ल्यू १५’ स्पर्धेत वाटली जाणारी बक्षिसाची एकूण रक्कम १५,००० डॉलर असते, आणि ती एकेरी व दुहेरीच्या सगळ्या खेळाडूंमध्ये विभागली जाते. प्रवास, मुक्काम, रॅकेटच्या तारा, फिजिओ आणि शक्य असेल तर प्रशिक्षक, हे सगळे खर्च खेळाडूने स्वतः करायचे असतात. याउलट २०२४च्या अमेरिकन ओपनमध्ये एकेरीच्या मुख्य ड्रॉत पहिल्याच फेरीत हरलेल्या खेळाडूला १,००,००० डॉलर मिळाले. ग्रँड स्लॅमच्या १२८ जणांच्या ड्रॉमध्ये क्रमवारीच्या बळावर थेट प्रवेश मिळतो तो १०४ जणांना, आणि उरलेल्या जागा पात्रता फेरीतून येणारे १६ व वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांकडून खास प्रवेश, मिळालेले ८ खेळाडू भरतात. पहिल्या शंभरात येण्याचा ध्यास सगळ्यांना का असतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे. एटीपीने २०२४पासून पहिल्या अडीचशे खेळाडूंना किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना सुरू केली. त्या वर्षी पहिल्या शंभरांसाठी ही हमी ३,००,००० डॉलरची, १०१ ते १७५ क्रमांकांसाठी १,५०,००० डॉलरची आणि २५०व्या क्रमांकापर्यंत ७५,००० डॉलरची होती. हे पाऊल मोलाचे आहे, पण अडीचशेच्या पलीकडे असलेल्यांना त्याचा आधार मिळत नाही, आणि नवोदित तर सगळे तिथेच असतात.

बक्षिसाच्या रकमेतून स्पर्धा ज्या देशात होते तिथला कर अनेकदा परस्पर कापून घेतला जातो. त्याचे प्रमाणपत्र त्याच आठवड्यात मागून घ्यावे आणि जपून ठेवावे, कारण स्वतःच्या देशात विवरणपत्र भरताना त्याचा उपयोग होऊ शकतो. प्रायोजक मिळाला तर करारातल्या अटी, विशेषतः दुखापत झाल्यास रक्कम थांबते का आणि पुढील कमाईतला वाटा किती वर्षे द्यायचा आहे, या दोन गोष्टी जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय सही करू नये.

सर्किटवरचा आठवडा दिसतो त्यापेक्षा अधिक एकाकी असतो. आयटीएफच्या व्यावसायिक स्पर्धांत प्रवेशाची मुदत स्पर्धेच्या सुमारे अडीच आठवडे आधी संपते, त्यानंतर प्रवेशयादी लागते आणि आपण मुख्य ड्रॉत आहोत, पात्रता फेरीत आहोत की प्रतीक्षेत, ते कळते. बुधवारी हरलात तर पुढच्या स्पर्धेपर्यंतचे दिवस परक्या गावात सरावासाठी जोडीदार शोधण्यात जातात. या दिवसांत फोन आणि समाजमाध्यमांवरून सट्टेबाजांचे शिवीगाळ करणारे संदेशही येतात, आणि कधी कधी सामना सोडण्याचे आमिषही. नियम इथे अगदी स्पष्ट आहे: टेनिसवर पैज लावणे, लावू देणे किंवा आतली माहिती पुरवणे हा गुन्हा आहेच, शिवाय असे आमिष आल्याचे टेनिसमधील गैरप्रकारांवर लक्ष ठेवणाऱ्या इंटरनॅशनल टेनिस इंटेग्रिटी एजन्सीला न कळवणे हाही गुन्हाच ठरतो. कमी कमाईच्या काळात मोह अधिक असतो, म्हणून हा नियम पहिल्या स्पर्धेआधीच पालकांसह नीट वाचून घ्यावा.

शिक्षण की टूर, हा प्रश्न अठराव्या वर्षी जवळपास प्रत्येक कुटुंबापुढे उभा राहतो. माझे मत विचाराल, तर कनिष्ठ गटात जगातल्या अगदी मोजक्या अव्वल खेळाडूंमध्ये नसाल, तर अमेरिकेतल्या महाविद्यालयीन टेनिसचा मार्ग गंभीरपणे विचारात घ्यावा. तिथे शिष्यवृत्ती मिळाल्यास शिक्षण, व्यायामशाळा, फिजिओ आणि नियमित सामने यांची सोय एकाच ठिकाणी होते, आणि शरीर पक्व व्हायला काही वर्षे मिळतात. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षे एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या महाविद्यालयीन स्पर्धेच्या, एकेरीचे विजेतेपद मिळवले आणि २००९च्या आरंभी चेन्नई ओपनची अंतिम फेरी गाठली. जॉन इस्नर, केव्हिन अँडरसन, कॅमेरॉन नॉरी, डॅनिएल कॉलिन्स हे सगळे याच वाटेने आले. फार लवकर व्यावसायिक होण्याचे धोके जेनिफर कॅप्रियातीच्या उदाहरणाने जगापुढे आले. ती १९९० साली तेराव्या वर्षी टूरवर उतरली होती, आणि पुढे डब्ल्यूटीएने अल्पवयीन मुलींनी वर्षाला किती स्पर्धा खेळाव्यात यावर वयानुसार मर्यादा घातली.

शरीराविषयी एवढेच सांगते की मनगट, खांदा, कंबर आणि खुबा यांच्या तक्रारी टेनिसपटूच्या पाचवीला पुजलेल्या असतात, आणि त्या लपवून खेळल्याने कारकीर्द वाढत नाही. दीर्घ दुखापतीनंतर परतणाऱ्यांसाठी संरक्षित क्रमवारीची, म्हणजे दुखापतीआधीच्या क्रमांकाच्या आधारे स्पर्धांत प्रवेश मिळण्याची, तरतूद आहे. एटीपीत किमान सहा महिने बाहेर राहिलेला खेळाडू तिच्यासाठी अर्ज करू शकतो. डब्ल्यूटीएची अशीच तरतूद बाळंतपणानंतर परतणाऱ्या खेळाडूंनाही लागू होते, आणि २०२५पासून पात्र खेळाडूंना १२ महिन्यांपर्यंतची मोबदल्यासह प्रसूतिरजाही मिळू लागली आहे. माझ्या पिढीतल्या कित्येक जणींना मातृत्व आणि खेळ यांतून एकच निवडावे लागले, म्हणून या बदलाचे मोल मला फार वाटते.

दुहेरीकडे दुय्यम म्हणून पाहू नये. सानिया मिर्झाने मनगटाच्या दुखण्यानंतर २०१३मध्ये एकेरी थांबवली, आणि एप्रिल २०१५मध्ये ती दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. रोहन बोपण्णाने २०२४ची ऑस्ट्रेलियन ओपन पुरुष दुहेरी वयाच्या ४३व्या वर्षी जिंकली. दुहेरीत कमाई कमी असली तरी शरीरावरचा भार हलका असतो, आणि तिथे कमावलेली नेटजवळची समज पुढे प्रशिक्षक म्हणून फार कामी येते.

थांबावे कधी, याचे एकच उत्तर नाही. अ‍ॅश्ली बार्टी मार्च २०२२मध्ये पंचविसाव्या वर्षी अग्रस्थानी असताना थांबली, फ्लाविया पेनेट्टाने २०१५ची अमेरिकन ओपन जिंकून कोर्टवरच निवृत्ती सांगितली, तर अँडी मरे खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरही २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत खेळला. सामान्य क्रमांकाच्या खेळाडूसाठी निकष अधिक व्यावहारिक असतात: सराव पूर्ण करूनही क्रमवारी सलग दोन हंगाम घसरत असेल, खर्च कुटुंबाच्या बचतीतून होत असेल आणि सामन्याच्या सकाळी खेळण्याची इच्छाच उरली नसेल, तर निर्णय लांबवू नये. निर्णय पक्का झाल्यावर तो उत्तेजकविरोधी यंत्रणेला लेखी कळवावा लागतो. उत्तेजक चाचणीच्या नोंदयादीतला खेळाडू निवृत्तीनंतर परत येऊ इच्छित असेल, तर त्याला सहा महिने आधी कळवून चाचण्यांसाठी उपलब्ध राहावे लागते, त्यामुळे रागाच्या भरात निवृत्तीचा अर्ज करू नये.

निवृत्तीनंतरचे पहिले वर्ष सर्वांत कठीण जाते. लहानपणापासून प्रत्येक सोमवारी क्रमवारीचा एक आकडा आपली जागा सांगत आलेला असतो, आणि तो एकाएकी नाहीसा होतो. या काळात व्यायाम अचानक बंद न करता टप्प्याटप्प्याने कमी करावा, मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यायला संकोच करू नये, आणि पहिल्याच महिन्यात स्वतःची अकादमी काढण्याच्या मोहात बचत गुंतवू नये.

कामाच्या वाटा अनेक आहेत: सरावाचा जोडीदार, तंदुरुस्ती प्रशिक्षक, समालोचन, स्पर्धा व्यवस्थापन, खेळाडूंचे व्यवस्थापन, पंचगिरी. पंचगिरीत पांढऱ्या, कांस्य, रौप्य व सुवर्ण बॅजची चढती श्रेणी आहे. मात्र एटीपी टूरवर २०२५पासून चेंडू रेषेच्या आत की बाहेर हे ठरवणारी इलेक्ट्रॉनिक पद्धत सर्वत्र आल्याने आणि त्याच वर्षी विम्बल्डननेही रेषापंच बंद केल्याने या क्षेत्राची पहिली पायरी आता पूर्वीसारखी रुंद राहिलेली नाही.

बहुतेक जण प्रशिक्षणाकडे वळतात, आणि त्यासाठी मोठी क्रमवारी लागते हा समज सोडून द्यावा. डॅरेन केहिल एकेरीत २२व्या क्रमांकापर्यंत पोहोचले होते, पण गुडघ्याने साथ सोडल्यावर त्यांनी लेटन ह्यूइट, आंद्रे अगासी, सिमोना हालेप आणि यानिक सिनर यांच्यासोबत जे काम केले ते त्यांच्या स्वतःच्या खेळापेक्षा मोठे ठरले. सिनरचे दुसरे प्रशिक्षक सिमोने वान्योत्सी एकेरीत पहिल्या शंभरातही कधी आले नव्हते. प्रशिक्षकाला लागते ती पाहण्याची आणि समजावण्याची सवय, आणि ती खेळत असतानाच लावून घेता येते. हरलेल्या सामन्यानंतर प्रतिस्पर्ध्याने कोणत्या गुणाला सर्व्हिस कुठे केली हे लिहून ठेवावे, आणि सरावात लहान खेळाडूंसोबत घालवलेला वेळ वाया गेला असे मानू नये. आयटीएफच्या अभ्यासक्रमाचा पहिला स्तर नवशिक्यांना शिकवण्याचा, तर तिसरा उच्च कामगिरीच्या खेळाडूंसाठीचा असतो. माझा सल्ला असा आहे की पहिला स्तर दुखापतीच्या सक्तीच्या विश्रांतीतच पूर्ण करावा, म्हणजे निवृत्तीच्या दिवशी हातात निदान एक प्रमाणपत्र आणि शिकवण्याचा थोडा अनुभव असतो, आणि पहिल्या नोकरीसाठी अर्ज करताना कारकिर्दीतल्या सर्वोत्तम क्रमांकापलीकडेही काही सांगता येते.