फिल्म संस्थेची फी भरण्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांच्या फिल्म बघा

वडसा-ब्रह्मपुरीकडची कितीतरी पोरं झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या) नाटकांत लाइट-साउंड सांभाळता सांभाळता सिनेमा शिकायचं ठरवतात. त्यांच्या घरच्यांना कळकळीनं सांगतो, फिल्म संस्थेच्या माहितीपत्रकातले चकाचक स्टुडिओ बघून धानाचे पैसे भरू नका. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या फिल्म मागून घ्या आणि शेवटच्या नामावलीपर्यंत बघा. संवाद स्वच्छ ऐकू येतात का? कॅमेरा, संकलन, ध्वनी यांपुढे विद्यार्थ्यांची नावं आहेत की बाहेरून आणलेल्या माणसांची? खरं काय ते तिथंच कळतं. दाखवायला टाळाटाळ झाली, तर ती संस्था सोडाच. सध्या शिकत असलेल्या एखाद्याला गाठून हेही विचारा, की एका कॅमेऱ्यावर किती जण असतात आणि फिल्मचा खर्च फीमध्ये धरलाय की वेगळा.

केंद्र सरकारच्या संस्थांत पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट म्हणजे एफटीआयआय (१९६०) आणि कोलकात्याची सत्यजित राय फिल्म संस्था (१९९५) या जुन्या. दोन्हीकडे प्रवेश परीक्षा असते आणि मुख्य अभ्यासक्रमांना बहुतेक पदवी लागते. त्यामुळे बारावी झालेल्यांनी आधी गडचिरोली-चंद्रपुरातच पदवी पूर्ण करावी. तोवर मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या, दिवसांत नाटकांच्या तालमी मोबाइलवर शूट करून घरीच एडिट करत राहा.