जीप उभी करायची तर इंजिन शेवटी

बंद पडलेलं इंजिन लेथवाल्याकडे जाऊन परत येतं. सडलेली चॅसी (गाडीचा लोखंडी सांगाडा) आणि आरसीशी (नोंदणीपत्राशी) न जुळणारा चॅसी नंबर मात्र कुठलाच मिस्त्री दुरुस्त करून देत नाही. म्हणून खाडीकाठच्या ठाणे-नवी मुंबईत जुनी जीप घेताना आणि उभी (म्हणजे पुन्हा चालती) करताना क्रम असा ठेवा: कागद, चॅसी, ब्रेक-स्टिअरिंग, मग इंजिन, आणि हवा कोरडी असेल तेव्हा रंग. खाली दिलेलं बहुतेक सगळं विलीज या मूळ अमेरिकी जीपच्या वंशातल्या गाड्यांना, म्हणजे महिंद्राच्या सीजे-३बीला आणि बऱ्याच अंशी एमएम ५४०ला लागू आहे. लष्कराची जोंगा किंवा मारुतीची जिप्सी असेल तर मापं वेगळी, क्रम हाच.

कागद

आरसीवरचा चॅसी नंबर, इंजिन नंबर आणि इंधन हे तीन रकाने गाडीशी स्वतः ताडून बघा. सीजे-३बी मुळात पेट्रोलवर चालणारी. पुढे अनेक गाड्यांत डिझेल इंजिन बसलं आणि आरसीवर पेट्रोलच राहिलं. अशी गाडी पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीत, अडकते. चॅसी नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवा. अक्षरांची खोली सारखी नसेल किंवा शेजारी ग्राइंडरच्या खुणा दिसत असतील तर सौदा तिथेच सोडा. नंबर खरा असेल तर तो जपा. चॅसी ब्लास्टिंगला (कणांच्या माऱ्याने गंज काढायला) देण्याआधी त्यावर जाड टेपचे तीन-चार थर चढवा, कारण ब्लास्टिंगवाल्याला तोंडी सांगितलेलं दुपारपर्यंत विसरलं जातं.

लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाडीची लष्करी नोंदणी पुढे चालत नाही, आरटीओत नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी लिलावाचे विक्रीचे आणि गाडी ताब्यात दिल्याचे मूळ कागद लागतात. झेरॉक्सवर व्यवहार करू नका.

आता सगळ्यांना न आवडणारी गोष्ट. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१व्या नियमाने ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. जीप कितीही अस्सल असली तरी खाजगी गाडीला तो लावता येत नाही. वाळूचा रंग, राखाडी, गडद निळा, असा काहीतरी रंग निवडा आणि तो आरसीवरच्या रंगाशी जुळवून घ्या.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटली असतील आणि चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसेल तर २०२१च्या नियमांप्रमाणे विंटेज नोंदणी मिळू शकते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. पण मग गाडी रोजच्या वापरात काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. शनिवार-रविवारी फिरायची हौस असेल तर साधी नोंदणीच ठेवा आणि दर ५ वर्षांनी पासिंग करून घ्या.

चॅसी आणि पत्रा

गंज बाहेरून आत जातो असं वाटतं. या गाड्यांत तो बहुधा आतून बाहेर येतो. चॅसीचा पुढचा भाग बंद पेटीसारखा असतो. तिथे चिखल साचतो, खाऱ्या हवेत तो कधीच पुरता वाळत नाही. बॉलपिन हातोडीने पुढच्या पेटीवर, मागच्या आडव्या पट्टीवर आणि पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, ‘थप्’ असा बसका आवाज आला तर आत पापुद्रे सुटलेत. शंका असेल तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. बॉडीवर फडक्यात गुंडाळलेलं चुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. दुसऱ्या महायुद्धातली अस्सल विलीज एमबी असेल तर तळाखालच्या टोपीच्या आकाराच्या पट्ट्यांत लाकूड भरलेलं असतं. ते पाणी धरून ठेवतं आणि तळ तिथूनच जातो.

चॅसी सरळ आहे का, हे ओळंब्याने कळतं. गाडी सपाट फरशीवर घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, पुढच्या आणि मागच्या पाट्यांच्या बोल्टांपासून ओळंबे सोडा, जमिनीवर खुणा करा आणि दोन्ही कर्ण मोजा. फरक ६ मिलिमीटरपर्यंत असेल तर चालेल, त्याहून जास्त असेल तर वेल्डिंगच्या आधी चॅसी सरळ करावी लागेल.

वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडा आणि पेट्रोलची टाकी बाहेर काढा. ती ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. कडेला सरकवून भागत नाही. चॅसीला ३ मिलिमीटर जाडीचा तुकडा लावा, त्याची टोकं तिरकी कापा. सरळ उभी शिवण मारली तर पुढे नेमकी तिथेच चीर जाते. बॉडीचा पत्रा १८ गेजचा घ्या, कळंबोलीच्या लोखंड बाजारात मिळतो. वेल्डिंग इंच-इंचाचं, जागा बदलत करा, नाहीतर पत्रा वाकतो. शेवटी पाणी निघायची जुनी भोकं मोकळी करा आणि पेटीच्या आत गंजरोधक मेण फवारा. ही पायरी सर्रास गाळली जाते, आणि दोन पावसाळ्यांत सगळं काम पुन्हा करावं लागतं.

ब्रेक आणि स्टिअरिंग

ब्रेकची लाइन एकच. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून पाइप आणि होज तपासून ठेवायचे नाहीत, सरळ नवे टाकायचे. पाइप ३/१६ इंचाचा, टोकं दुहेरी फ्लेअरची, म्हणजे दोनदा दुमडून पसरवलेली. तांब्याचा पाइप वापरू नका, थरथरीने तो कडक होऊन तडकतो. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (ब्रेक पेडलने चालणाऱ्या मुख्य पंपापासून) लांबच्या चाकापासून सुरुवात करा. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत क्रम असा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. डॉट ३ दर्जाचं ब्रेक तेल हवेतला ओलावा ओढतं, इथे तर फारच. दरवर्षी पावसाळा संपला की बदला.

हँडब्रेक पासिंगला हमखास नापास होतो. त्याचा ड्रम ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे असतो आणि सीलमधून गळणारं तेल थेट लायनरवर जातं. नवं सील टाकूनही गळत असेल तर ब्रीदर (आतली हवा बाहेर जायची नळी) चिखलाने बुजलाय का ते आधी बघा. आत दाब वाढला की कुठलंच सील टिकत नाही.

पुढचं चाक थरथरत असेल तर ते उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे. राहिला तर किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ), तिथे शिम (पातळ चकत्या) कमी करा. त्यानंतर स्टिअरिंगचा जोर चाकांकडे वळवणाऱ्या मधल्या बेलक्रँकचा बुश बघा. अर्धा दोष तिथे असतो आणि बिल मात्र स्टिअरिंग बॉक्सचं निघतं. टो-इन (पुढच्या चाकांचा आतला कल) दीड ते अडीच मिलिमीटर पुरे.

इंजिन

जाम इंजिनात प्लगच्या भोकांतून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि डिझेल निम्मं-निम्मं टाका, दोन-तीन दिवस ठेवा, मग हँडलने फिरवून बघा. स्टार्टर मारू नका. पेट्रोल इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-४-२, प्लग गॅप ०.०३० इंच, पॉइंट गॅप ०.०२० इंच. इंजिनात २०डब्ल्यू-५० मिनरल तेल, गिअरबॉक्समध्ये जीएल-४ दर्जाचं ९० नंबर तेल. जीएल-५ फक्त एक्सलमध्ये. त्यातली गंधकाची रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगा खाऊ शकतात.

पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुना रबरी पाइप आणि गाडीतल्या इंधन पंपाचा पडदा त्यात फुगतो. दोन्ही इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घ्या. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी शोषून तळाशी साचतं. घोडबंदर रोडच्या कोंडीत गाडी गरम होऊन बंद पडत असेल तर बहुतेक वेळा पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या जवळून गेलेला असतो. तो लांब घ्या.

रंग

ऑक्टोबरात गाडी उघडा आणि रंग डिसेंबर ते फेब्रुवारीत उरका. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर असेल तर प्रायमर मारू नका. ब्लास्टिंग झालेला पत्रा इथे संध्याकाळपर्यंत तांबूस होतो, त्यामुळे त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर लागला पाहिजे. ब्लास्टिंगवाला आणि रंगवाला एकाच आवारातले, रबाळे-महापे किंवा वागळे इस्टेटमध्ये, मिळाले तर उत्तम.

तयार झालेली गाडी येऊरच्या जंगलात किंवा खाडीच्या तिवरांत घालू नका. एक राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र, दुसरं संरक्षित कांदळवन. फोर-व्हील फक्त मोकळ्या मातीत लावा. डांबरावर लावली तर पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांतला फरक कुठेच निघत नाही आणि ताण ट्रान्सफर केसवर येतो. खाऱ्या पाण्यातून गेल्यास त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा, ड्रम उघडून वाळवा आणि एक्सलचं तेल दुधी झालंय का ते बघा.