कमी पैशांत रोड बाईक घेताना

हातात २५ हजार रुपये असतील, तर ते सगळे सायकलीवर घालू नयेत. रोड बाईकच्या, म्हणजे खाली वळलेल्या हँडलच्या आणि अरुंद टायरच्या वेगवान सायकलीच्या, खरेदीतली ही पहिली आणि पाळायला सर्वांत अवघड गोष्ट आहे. सायकल घरी आल्यावर हेल्मेट लागते, पुढचा आणि मागचा दिवा लागतो, जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि पंक्चरचे साहित्य लागते, आणि बहुतेकांना ज्याचा विसर पडतो तो दाबाचा काटा असलेला उभा पंपही लागतो. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी रोड बाईकच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला अ‍ॅडॉप्टरशिवाय बसत नाही. शिवाय अरुंद टायरमधली हवा आठवड्याभरात जाणवण्याइतकी उतरते, आणि ती वेळच्या वेळी भरली नाही तर पहिल्याच खोल खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटून दोन ठिकाणी फाटते. या सगळ्या सामानाला काटकसर करूनही साधारण ५ हजार रुपये लागतात. जुनी सायकल घेतली, तर झिजलेल्या भागांसाठी आणखी दोन-तीन हजार बाजूला काढावेत. म्हणजे सायकलीसाठी उरले १७-१८ हजार, आणि पुढचा सगळा विचार या आकड्यात बसवायचा आहे.

एवढ्या पैशांत नवी रोड बाईक म्हणून जे विकले जाते, त्यातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये रोड बाईकचे फक्त हँडल असते. फ्रेम जड पोलादी असते आणि तिच्यावर २१ गिअरचा ठसठशीत स्टिकर असतो. पुढे तीन आणि मागे सात दातेरी चक्रे असली की गुणाकाराने २१ होतात, त्यावरून गाडीचा दर्जा कळत नाही. त्यापेक्षा मागची चक्रे कशी बसवली आहेत ते विचारावे. ती एकत्रितपणे हबवर, म्हणजे चाकाच्या तुंब्यावर, आटे फिरवून बसवलेली असतील तर त्याला फ्रीव्हील म्हणतात, आणि फ्रीहबवर, म्हणजे हबच्याच सुट्या फिरणाऱ्या भागावर, सरकवून वरून रिंगने आवळलेली असतील तर कॅसेट. फ्रीव्हीलच्या रचनेत उजवीकडचे बेअरिंग चक्रांच्या आतल्या बाजूला येते, त्यामुळे आसाचा बराच भाग आधाराविना बाहेर राहतो आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर आस वाकण्याची किंवा तुटण्याची शक्यता वाढते. कॅसेटच्या रचनेत हेच बेअरिंग फ्रेमच्या जवळ असते. हा एक प्रश्न विचारल्यावर उत्तर कसे येते, त्यावरून गाडीबरोबर दुकानही कळते.

नवी घ्यायचीच असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, हे ध्यानात ठेवून भाव विचारावा. जुनी घेणाऱ्यालाही याचा उपयोग आहे. मालक दाखवतो ते बिल त्याआधीचे असेल, तर घासाघीस त्या बिलावरून न करता तेच किंवा तशाच जातीचे मॉडेल आज नवे कितीला मिळते, त्यावरून करावी.

माझे मत जुन्या सायकलीच्या बाजूचे आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर हौसेने घेतलेल्या कितीतरी सायकली पुण्या-नाशकातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये चादरीखाली उभ्या आहेत. दुसरी खाण म्हणजे सायकलिंग क्लब. तिथे एखाद्याने २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी केली की त्याला कार्बनच्या फ्रेमचे वेध लागतात आणि त्याची अ‍ॅल्युमिनियमची गाडी विकायला निघते. मला विचाराल तर मी ही दुसरी गाडी घेईन. ती जास्त चाललेली असते खरी, पण तिची चेन वेळेवर पुसलेली असते आणि काय बदलले, कधी बदलले हे मालकाला तोंडपाठ असते. नुसत्या उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर वाळून भेगाळतात, आणि ब्रेकच्या मुठीतच गिअर असलेल्या प्रकारात आतले ग्रीस सुकून खटका पकडेनासा होतो. या मुठी हा गाडीतला सर्वांत महाग सुट्ट्या भागांपैकी एक असल्यामुळे दोन्ही बाजूंचा प्रत्येक गिअर चढवून आणि उतरवून पाहावा. खटका लागत नसेल, तर 'सर्व्हिसिंग केलं की होईल' हे मालकाचे म्हणणे खरेही असू शकते, परंतु ते सर्व्हिसिंग त्याने आधी करून द्यावे.

शिमानो या कंपनीच्या रोड बाईकच्या सुट्ट्या भागांची चढती भाजणी टूर्नी, क्लारिस, सोरा, टिआग्रा, १०५ अशी आहे. आपल्या आकड्यात मागे आठ चक्रे असलेली क्लारिसची गाडी मिळाली तर उत्तम. तिची चेन आणि कॅसेट वरच्या पायऱ्यांच्या तुलनेत स्वस्त असते, मिळायला सोपी असते, आणि गिअर थोडे हलले तरी ती समजून घेते. त्याच पैशांत कोणी १०५ ची थकलेली गाडी देऊ केली, तर मोह होतो. पण तिचे भाग बदलायची वेळ येईल तेव्हा भाव १०५ चेच लागतील. जुन्या कार्बन फ्रेमच्या वाटेला या पैशांत जाऊच नये, कारण तिच्यातली आतली चीर डोळ्यांना दिसत नाही.

आता मापाविषयी, कारण या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. माझी उंची ५ फूट ६ इंच. पहिली रोड बाईक घेतली ती ५८ सेंटिमीटरच्या फ्रेमची होती, आणि भाव इतका चांगला होता की विकणाऱ्याच्या 'सीट खाली घेतली की झालं' या वाक्यावर मी विश्वास ठेवला. सीट खाली आली, परंतु हँडल होते तिथेच राहिले. तासाभरात मान आखडायची, तळहातांना मुंग्या यायच्या, आणि आठ महिन्यांनी ती गाडी मी घेतल्यापेक्षा ४ हजार कमी घेऊन काढून टाकली. फ्रेम किंचित लहान असेल तर लांब स्टेम (हँडल धरणारा आडवा तुकडा) आणि उंच सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) लावून निभावते. मोठी फ्रेम मात्र कापून लहान करता येत नाही.

माप घरीच काढता येते. अनवाणी पायांनी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, जाडसर पुस्तक मांड्यांमध्ये सीटसारखे घट्ट वर दाबून धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर कोणाकडून तरी मोजून घ्यावे. ते ७८ सेंटिमीटर आले, तर त्याला ०.६६५ ने गुणून सुमारे ५२ येतात. आडवी नळी सरळ असलेल्या पारंपरिक फ्रेमचे हे अंदाजे माप. त्याच ७८ ला ०.८८३ ने गुणले की सुमारे ६९ येतात. पॅडलच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची तेवढी ठेवून सुरुवात करावी. उतरत्या नळीच्या फ्रेमला आणि एस-एम-एल अशा मापांना हे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही, तिथे कंपनीचा तक्ता पाहावा. पण कोणताही तक्ता अर्ध्या तासाच्या फेरीची जागा घेऊ शकत नाही.

ज्याच्या घरापासून कुठल्याही दिशेला निघाले तरी घाट लागतो, त्याने गिअरचे दात मोजूनच पैसे द्यावेत. पुढच्या लहान चक्राला ३४ आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला ३२ दात असतील, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण सव्वादोन मीटर पुढे जाते. जुन्या शर्यतीच्या गाड्यांना पुढे ३९ आणि मागे २५ असायचे; तिथे तेवढ्याच फेऱ्यात सव्वातीन मीटर ओढावे लागतात. मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' हा किताब मिळवणाऱ्यांना ते शोभते. आपल्याला कात्रज किंवा सिंहगड चढून पुन्हा कामावर जायचे असते. मागची कॅसेट नंतर बदलता येते हे खरे, पण मागच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचा, पिंजरा आखूड असेल तर तो ३२ दात पेलत नाही, म्हणून हे आधीच विचारून घ्यावे.

गाडी पाहायला दिवसाउजेडी जावे आणि सोबत सुताराची पोलादी टेप आणि अ‍ॅलन कीचा संच न्यावा. टेप चेनसाठी आहे. चेन ताणली असे आपण म्हणतो, वास्तविक तिच्या पिना आणि त्यांची भोके झिजतात आणि त्यामुळे लांबी वाढते. चेनची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची असते, म्हणजे २४ कड्या मोजल्या की बरोबर १२ इंच, ३०.४८ सेंटिमीटर, भरायला हवेत. टेपचे टोक हलते असते, म्हणून तिथून न मोजता १० सेंटिमीटरची रेघ एका पिनेच्या मध्यावर धरावी आणि पॅडलवर थोडा दाब देऊन चेन ताठ ठेवावी. चोविसावी कडी संपते तिथल्या पिनेचा मध्य ४०.४८ वर आला, तर चेन नवी आहे, ४०.६३ च्या पुढे गेला, तर चेन बदलायला झाली आहे, आणि ४०.७८ च्याही पुढे गेला, तर तिने कॅसेटचे दातही खाल्ले असण्याचा संभव आहे.

कोथरूडच्या एका सोसायटीत जिन्याखाली गाडी पाहत होतो. मालक पंचविशीतला मुलगा होता. "काका, पाचशे किलोमीटरपण चाललेली नाही," तो म्हणाला. टेप ४०.७ च्या पुढे गेली. मी त्याला तिथेच बसवून आकडा दाखवला आणि म्हटले, "अरे, पाचशेत इतकी झीज होत नाही." तो थोडा वेळ टेपकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे, मी घेतल्यापासून पाचशे." गाडी त्याचीही दुसऱ्या हाताची होती. त्याने फसवायचे ठरवले होते असे मला वाटले नाही. त्यालाही कोणी मोजून दिले नव्हते. चेन आणि कॅसेटचे अडीच हजार वजा करून आमचा व्यवहार जमला, आणि तीच गाडी मी आजही चालवतो.

रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या रिमलाच दाबून धरणारे ब्रेक, असतील तर रिमची कड तपासावी. ब्रेकचे पॅड दर पावसाळ्यात चिखलासकट रिम घासत असतात, आणि चार-पाच पावसाळ्यांनंतर ती कड आतल्या बाजूला खोलगट होते. तिच्यावर टेपची सरळ बाजू उभी धरून खालून उजेड दिसतो का ते पाहावे. खळगा स्पष्ट दिसत असेल, तर चाकाचे पैसे किमतीतून वजा करावेत, कारण पातळ झालेली कड हवेच्या दाबाने फाकते आणि ती उतारावर फाकली तर फार वाईट. चाक उचलून फिरवावे. थोडा आऊट, म्हणजे डुलण्याइतका वाकडेपणा, असेल तर तो कारागीर काढून देतो, त्यासाठी गाडी सोडू नये. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलवली असता हँडलच्या मुळाशी खटखट जाणवते का, आणि क्रँक (पॅडलची दांडी) धरून आडवी हलवली असता खेळ जाणवतो का, एवढे दोन मिनिटांत कळते.

फ्रेमच्या बाबतीत मात्र दया दाखवू नये. पुढच्या उभ्या नळीला तिरपी नळी जिथे येऊन मिळते, तिथे खालून बोट फिरवावे. रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला, तर गाडी समोरून आदळलेली आहे असे समजावे; अ‍ॅल्युमिनियम पुन्हा सरळ करून वापरण्यासारखे राहत नाही. मग सीट आपल्या उंचीला लावून द्यायला सांगावे. त्यात माप कळते, आणि घामाने व गंजाने सीटपोस्ट नळीत जाम झालेला असेल तर तेही आपोआप बाहेर येते, कोणावर संशय न दाखवता. टायरची जागाही पाहून ठेवावी. आपल्या रस्त्यांना २८ मिलिमीटरचा टायर हवा, आणि जुन्या शर्यतीच्या फ्रेममध्ये बरेचदा २५ च्या पुढे जागाच नसते.

मूळ बिल मागावे आणि पॅडलच्या आसाखाली फ्रेमवर ठोकलेला क्रमांक त्याच्याशी ताडून पाहावा. बिल हरवले असेल, तर त्या क्रमांकासह, विकणाऱ्याच्या सहीचा साधा कागद करून घ्यावा आणि पैसे बँकेमार्फत द्यावेत. क्रमांक खरवडलेला असेल, तर भाव कितीही कमी असो, गाडी जागेवर ठेवून परत यावे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

गाडी घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात ओव्हरहॉलिंग करून घ्यावे, ब्रेकच्या आणि गिअरच्या तारा सरसकट नव्या टाकाव्यात आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा आवळून घ्याव्यात, कारण नव्या तारा थोड्या सैल पडतातच. दुकानात गाडी देण्यापूर्वी सीटपोस्टवर, नळीच्या तोंडाशी, इलेक्ट्रिशियनच्या काळ्या टेपचा एक वेढा मारून ठेवावा. कारागीर सीटपोस्ट काढतो, ग्रीस लावतो आणि स्वतःच्या अंदाजाने परत बसवतो. वेढा असला की ६९ चे ६७ होत नाहीत.