हृदयरुग्णांमधलं नैराश्य मोजताना
आधी पीएचक्यू-२ या नैराश्य चाचपणाऱ्या छोट्या प्रश्नावलीचे दोन प्रश्न विचारा. ६ पैकी ३ किंवा जास्त गुण आले, तर पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्या. तिथे २७ पैकी १० पासून पुढे सविस्तर तपासणी हवी.

खरी अडचण थकवा, झोप आणि भूक या प्रश्नांची. नैराश्य नसतानाही हृदयविकारामुळे तिथले गुण वाढतात, म्हणून उदासी आणि निरुत्साहाचे गुण वेगळे पाहा. पण शारीरिक प्रश्न सरसकट वगळू नका. अनेक समाजांत मनाचं दुखणं अंगदुखी, धडधड अशाच रूपात सांगितलं जातं.

१० ही सीमा सगळीकडे तशीच लावणं धोक्याचं. त्या त्या समाजातल्या रुग्णांच्या, मानसोपचारतज्ज्ञाने घेतलेल्या मुलाखतींशी गुण ताडून ती ठरवा. प्रश्न नातेवाईकांसमोर विचारू नका. नववा प्रश्न आत्महत्येच्या विचारांचा: तिथे शून्याहून जास्त गुण असतील, तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी रुग्णाशी बोला.