दोन कार्डं कशाला, आशाताई?

दसरा झाला की आमच्या बीडकडच्या वाडीतली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला निघतात. ट्रकमध्ये भांडीकुंडी चढत असतात, तेव्हा मी, गावची आशा सेविका, एकेकीला बाजूला घेऊन लोहाच्या गोळ्या आणि गरोदरपण तपासायची दोन कार्डं देते. "आशाताई, दोन कशाला? एकानं कळत नाही व्हय?" दरवर्षी कुणीतरी विचारतंच. एकानं कळतं, पण योग्य दिवशी केलं तर. घाई झाली तर पहिलं कार्ड वाया जातं आणि मनाला उगाच घोर लागतो तो वेगळाच.

कार्ड लघवीत एकच गोष्ट शोधतं, एचसीजी नावाचं संप्रेरक. ते गर्भ पिशवीच्या अस्तराला चिकटल्यावर तयार व्हायला लागतं, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर साधारण 6 ते 12 दिवसांनी. मग दर दोन-तीन दिवसांनी ते जवळपास दुप्पट होतं. म्हणून पाळीच्या तारखेआधी तपासलं तर दिवस गेलेले असूनही कार्ड 'नाही' म्हणू शकतं. समजा शेवटची पाळी 3 ऑक्टोबरला आली आणि चक्र 28 दिवसांचं आहे, तर पुढची पाळी 31 ऑक्टोबरला यायला हवी. ती तारीख उलटून जाऊ द्यावी, आठवडाभर थांबता आलं तर आणखी चांगलं. उसाच्या फडावर तारखा विसरतात, शिवाय कुणाची पाळी पीसीओडी या बीजकोशाच्या विकारामुळं किंवा थायरॉइडमुळं मागंपुढं होते. अशीनं शेवटच्या संबंधानंतर 21 दिवस मोजावेत आणि मग तपासावं. अंगावर पाजणाऱ्या आईनं 'पाळीच आली नाही, म्हणजे दिवस जाणार नाहीत' असं धरून बसू नये. पहिली पाळी येण्याआधीही दिवस राहतात.

शक्यतो सकाळची पहिली लघवी घ्यावी, कारण रात्रभरात ती घट्ट झालेली असते. फडावर पहाटे तीनला उठून उसाला जायचं असतं, तेव्हा ते जमलं नाही तर तीन-चार तास लघवी न करता थांबावं आणि तपासायच्या आधी ढसाढसा पाणी पिऊ नये. भांडं स्वच्छ आणि कोरडं हवं, त्यात साबणाचा अंश राहू देऊ नये. पाकिटावरची मुदत बघावी आणि पाकीट ऐनवेळीच फोडावं, कारण दमट हवेत पट्टी खराब होते. आतली छोटी पुडी ओल शोषून घेण्यासाठी असते, ती फेकून द्यावी. कार्ड सपाट जागेवर ठेवावं. ड्रॉपर उभा धरून गोल खाचेत दोन-तीन थेंब सोडावेत. नेमके किती ते पाकिटावर लिहिलेलं असतं. खाच भरून वाहू देऊ नये.

आता मोबाइलवर पाच मिनिटांचा गजर लावावा. हे मी फार आग्रहानं सांगते, कारण चूक थेंबात होत नाही, वाचण्यात होते. आमच्या गावात एका वहिनीनं सकाळी कार्ड केलं, एकच रेघ बघून खिडकीत ठेवलं आणि दुपारी परत पाहिलं तर दुसरी पुसट रेघ! घरात पेढे आले. तिसऱ्या दिवशी पाळी आली. ती दुसरी रेघ लघवी वाळल्याची होती, करड्या रंगाची. तिनं सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांतलं पाणी मला अजून आठवतं. पाकिटावर दिलेल्या वेळेत जे दिसेल तेच खरं. दहा मिनिटांनंतर कार्ड वाचू नये.

कार्डावर 'सी' आणि 'टी' ही अक्षरं असतात. 'सी' जवळची रेघ कार्ड नीट चाललंय हे सांगते, 'टी' जवळची दिवस गेल्याचं. ती आलीच नाही तर कार्ड बाद, मग 'टी' जवळ काहीही दिसो. फक्त 'सी' आली, तर आत्ता तरी दिवस गेल्याचं दिसत नाही. पण पाळी आली नाही तर आठवड्यानं दुसरं कार्ड वापरावं, ते त्यासाठीच दिलेलं असतं. दोन्ही रेघा आल्या तर दिवस गेलेत. 'टी' पुसट असली पण वेळेत आणि रंगीत आली तरी तेच समजावं आणि दोन दिवसांनी दुसऱ्या कार्डानं पुन्हा तपासावं. नुकतंच बाळंतपण किंवा गर्भपात झाला असेल तर काही आठवडे जुनं संप्रेरक अंगात राहतं आणि रेघ तरीही उमटते. वंध्यत्वाच्या उपचारातल्या एचसीजीच्या इंजेक्शननंही तसं होतं. संततिनियमनाच्या गोळ्यांनी मात्र कार्ड चुकत नाही. साखर, मीठ, टूथपेस्ट घालून फेस बघायचे प्रकार मोबाइलवर फिरतात, त्यांचा काही उपयोग नाही. कार्डावरून मुलगा की मुलगी तेही कळत नाही, आणि गर्भलिंग तपासणं 1994 च्या कायद्यानं गुन्हा आहे.

कार्ड आधी बाईनं स्वतः बघावं. मी दाराबाहेर थांबते. सासू, नवरा, नणंद कुणीही असो, सांगायचं की नाही आणि कधी सांगायचं हे तिनं ठरवावं.

दोन रेघा आल्या म्हणजे गर्भ पिशवीतच आहे असं मात्र नाही, आणि ही गोष्ट कुणीच सांगत नाही म्हणून मी सगळ्यांना सांगते. तीन वर्षांपूर्वी फडावरून एका वहिनीचा फोन आला. "ताई, दोन रेघा आल्यात, पण एका बाजूला पोटात कळ येते, जरा अंगावरूनही जातंय." शेजारणी म्हणत होत्या, वारा धरलाय, शेक घे. मी म्हटलं, शेकू नको, आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठ. मुकादमानं गाडी दिली. सोनोग्राफीत गर्भ नळीत निघाला, ऑपरेशन झालं आणि ती वाचली. रेघ आल्यावर एका बाजूला पोटात दुखणं, रक्त जाणं, खांद्याच्या टोकाशी दुखणं, चक्कर येऊन पडणं, यातलं काही झालं तर 108 ला फोन करावा. तांबी बसवलेली असताना दिवस गेले तर दुखो न दुखो, लगेच दाखवावं.

बाळ हवं असेल तर उपकेंद्रात 12 आठवड्यांच्या आत नोंद करावी, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू कराव्यात. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात 9 महिने 7 दिवस मिळवले की अंदाजे तारीख येते. 3 ऑक्टोबर असेल तर 10 जुलै. बाळ नको असेल तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊ नयेत. कायद्यातल्या अटींत 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या सल्ल्यानं, आणि काही परिस्थितीत 24 पर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात होतो. सज्ञान बाईला नवऱ्याच्या सहीची गरज नसते, तिचं नाव गुप्त ठेवावं लागतं.

फडावरून फोन करणारीला मी आधी तीन गोष्टी विचारते: शेवटच्या पाळीची तारीख काय, कार्ड किती मिनिटांनी बघितलं, पोटात कुठं दुखतंय का. त्यांची उत्तरं कार्डाच्या पाकिटावर पेनानं लिहून ठेवावीत. आणि दुसरं कार्ड कोरड्या डब्यात, चुलीपासून आणि उन्हापासून लांब ठेवावं.